मलम कोणी लावलं?

"हे मलम बाळाला कोणी लावलं?"

डॉक्टरीणबाईंच्या हातात पिळून संपवलेली ट्यूब होती. सात महिन्यांच्या इंगाचे तळवे, टाळू, काखा... सगळीकडे जाड, पिवळट खपल्या! "ही खरूज आहे. एरवी लेक ठणठणीत आहे हो. पण इसब समजून एवढं जहाल मलम रोज चोपडलंत, म्हणून खरूज अशी फोफावली. बालकल्याण खात्याला कळवावं लागेल कदाचित."

इंगाच्या आईचे, सुन्निवाचे ओठ पांढरे पडले. सलूनमध्ये लोकांचे केस धुऊन तिचे हात फुटत, त्यासाठी मिळालेली ही ट्यूब.

"मी लावलं," तिची सासू बोर्गिल्ड म्हणाली. "सुनेच्या खणातून चोरून."

सुन्निवाचा नवरा तूरे आईकडे वळला. "आधी तुझे ते टोचऱ्या लोकरीचे स्वेटर, आता हे! म्हातारपणी डॉक्टरकी सुचली होय? इंगाला पुन्हा हात लावायचा नाही. बाप्तिस्म्याला तिला तू उचलून नेणार होतीस ना? विसर ते!"

•

बोर्गिल्ड जे बोलली नाही, ते:

त्या दुपारी मी दारात उभी होते, सुन्निवा. तू मलम लावलंस, आणि किती दिवसांनी लेकरू खाजवायचं थांबून झोपलं, आणि तूही बसल्या बसल्या झोपलीस, ट्यूब मुठीत तशीच... हिला तुझ्यापासून तोडलं असतं तर तू जगली नसतीस गं! मी म्हातारी. माझ्याकडून काय काढून घेतील?

•

काय काढून घेतील, ते सहा आठवड्यांत कळलं.

घरातल्या सगळ्यांना औषध लागलं, कपडे पिशव्यांत बांधले गेले. बोर्गिल्डनं विणलेले स्वेटर तेवढे गाठ मारलेल्या पिशवीत तिच्या दाराशी परत आले.

•

चर्च. शेवटचा बाक. बोर्गिल्डच्या अंगावर ठेवणीतला पोशाख, आणि पुढे मावशीच्या कडेवर इंगा... कातडी लोण्यासारखी!

बाप्तिस्म्याच्या पाण्याकडे जाताना सुन्निवा मध्येच थांबली.

"तूरे, मलम मी लावलं होतं."

"आत्ता हे काय काढलंस?"

"मी! दिवसातून चार वेळा! बोर्गिल्डनं अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. तू फोनवर तिला तोडून बोलायचास आणि मी शेजारी बसून कॉफी प्यायचे..."

"गप गं वेडे," मागून बोर्गिल्ड पुटपुटली. "लोक बघताहेत."

"बघू देत, आई!"

आई... आजवर नुसतं बोर्गिल्डच म्हणायची ती.

सुन्निवानं बाळ घेतलं आणि शेवटच्या बाकापर्यंत चालत आली. बोर्गिल्डनं हात पुढे केले, पण बाळाकडे नाही. लहान मूल दाखवतं तसे दोन्ही तळवे तिनं मागोमाग आलेल्या तूरेपुढे उघडले.

"धुतलेत रे. बघ."

तूरेनं त्या तळव्यांत तोंड लपवलं, आणि एवढा दांडगा पुरुष भर चर्चमध्ये हुंदके देऊ लागला!

मग इंगा तिच्या हातांत आली. टक लावून पाहिलं तिनं, ओठ थरथरले, आणि ती किंचाळून रडली, आईकडे झेपावू लागली... तिच्या लेखी ही परकी बाई!

"द्या, मी घेते," सुन्निवा कळवळली.

"असू दे. तिला काय ठाऊक, मी कोण ते."

रडणारं लेकरू छातीशी धरून बोर्गिल्ड बाप्तिस्म्याच्या पाण्यापर्यंत चालत गेली.