मुंजाजीची मर्यादा

रविवारी दुपारी साडेतीनला मी पेपरमधलं जिल्ह्याचं पान लावायला बसतो. त्याआधीचे दोन तास माझे असतात. गेले तीन रविवार ते माझ्या भाचीनं, कोमलनं, घेतले होते.

तिचा एक खेळ आहे. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि पडलेल्या दानाप्रमाणे गोष्ट पुढे न्यायची. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो आणि कागदावर लिहिलेलं सगळ्यांवर बंधनकारक असतं. कोमल खेळ चालवते. खेळातलं जग म्हणून तिनं आपला हिंगोली जिल्हाच घेतला होता. त्या जगाला एक सुपरहिरो हवा होता, आणि तो कसा असावा यावर तीन रविवार भांडण चाललं होतं. ते आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत चालत असल्यामुळे मला खाली शब्दन् शब्द ऐकू येई.

वैजनाथला उडणारा हिरो हवा होता. तो वीज मंडळात लाइनमन आहे, आठवडाभर खांब चढून वैतागलेला. ऐश्वर्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिला अदृश्य होणारा हवा होता. तिसऱ्या रविवारी तीन वाजता मी वर गेलो.

"या जिल्ह्यात उडून कोणाचं काय भलं होणार आहे?" मी म्हणालो. "इथे सगळे येतात. फक्त उशिरा येतात. वेळेवर येणारा माणूस करा."

कोमलनं कागद माझ्यापुढे सरकवला. "मग तुम्हीच लिहा, मामा."

बावीस वर्षं बातम्या लिहितो आहे. नाव, वय, गाव याशिवाय माझ्या हातून ओळ सुरू होत नाही. मी लिहिलं: मुंजाजी तातेराव सवंडकर, वय २९, रा. हट्टा. शक्ती: जिथे माणसाचा जीव जाणार असेल तिथे आधीच पोचतो. पोशाख: पोपटी शर्ट, डाव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला.

"ह्यो हिरो हाय का गवंड्याच्या हाताखालचा?" वैजनाथ म्हणाला.

मी उठलो. कोमलनं बसवलं. नियमाप्रमाणे शक्ती जेवढी मोठी तेवढीच मोठी मर्यादा लागते. ती लिहिल्याशिवाय कागद पुरा होत नाही. घड्याळात तीन वीस झाले होते. हातात आलं ते मी लिहिलं: स्वतःच्या घरी पोचू शकत नाही.

"घरी कोण आहे?" कोमलनं विचारलं.

"आई. गोजरबाई. लिही आणि मला सोड."

नऊ दिवसांनी आखाडा बाळापूरहून दिपकची बातमी आली. दिपक आमचा तिथला वार्ताहर. हळद शिजवायच्या कुकरची वाफेची नळी फुटली होती. जवळच काम करणाऱ्या दोन बायकांना एका अज्ञात तरुणानं क्षणभर आधी बाजूला ओढलं, असं शेवटच्या ओळीत होतं. मी ती ओळ कापली. नाव नसलेला माणूस मी छापत नाही, हे दिपकला शंभरदा सांगून झालं आहे.

पुढच्या आठवड्यात जवळा बाजारहून बालाजीची बातमी आली. बाजाराच्या दिवशी सोयाबीनची ट्रॉली मागे घेताना चार वर्षांची मुलगी चाकाखाली येता येता वाचली. अज्ञात तरुणानं उचललं. मी तीही ओळ कापली आणि फोन करून बालाजीला झापलं. तोंडात जीभ आहे, तर नाव का विचारलं नाही?

"विचारायच्या आत गेलं ते पोरगं, सर. पन एक सांगू का? ट्रॉली हलायच्या आधीपासून ते तिथं उभं होतं. त्या लेकराकडं बघत."

"कपडे?"

"पोपटी शर्ट. चपलीला तार बांधलेली."

मी फोन ठेवला आणि वैजनाथला लावला. वीज मंडळाच्या माणसाच्या प्रत्येक गावात ओळखी असतात, आणि गंमत करायची हौस त्याला आहेच. तो शपथेवर म्हणाला की कागदातलं कोणाला बोललो नाही. ऐश्वर्याही तेच म्हणाली. कागद कोमलच्या फाइलमध्ये होता. कोणीतरी खोटं बोलत होतं, आणि ते शोधत बसायला मला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला, बातम्यांची गर्दी ऐन भरात असताना, कचेरीच्या नंबरावर एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला. दोन्ही बातम्या तिनं शेजारच्या मुलीकडून वाचून घेतल्या होत्या. तिची तक्रार होती.

"सायेब, माझ्या लेकराचं नाव तुमी काहून छापून न्हाई राहिले? दोन्हीकडं तोच होता."

नाव विचारलं. तिनं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. वय एकोणतीस. गाव हट्टा. तिचं नाव गोजरबाई. मी फोन कापला.

ती रोज पाचला फोन करू लागली. सहा दिवस. आवाज चढवायची नाही, रडायची नाही, ओशाळल्यासारखं तेवढंच विचारायची: आज तरी घेताव का नाव? कचेरीतले लोक तिचा फोन मुद्दाम माझ्याकडे देऊ लागले. सातव्या दिवशी, सोमवारी, मी मोटारसायकल काढली. ज्यानं कोणी या बाईला हे पढवलं होतं त्याला गाठायचं ठरवून.

औंढा, जवळा बाजार, मग हट्टा. गावाच्या अलीकडेच हळदीचा वास सुरू झाला. उघड्या मैदानात शिजलेली हळद वाळत होती. कोंबड्यांचे पायसुद्धा पिवळे झाले होते. गोजरबाईचं घर पहिल्या फटक्यात सापडलं: बोळाच्या शेवटी, निळं दार, दोन पत्र्याच्या खोल्या. बोळाच्या तोंडाशी हातपंप. पंपावर शेजारची जमनाबाई घागर भरत होती. तिला विचारलं, मुंजाजी कोण?

"हिचं पोरगं. येते की इथं. पंपापस्तोर येते, उभं ऱ्हाते, मंग जाते."

"घरी का जात नाही?"

"आता ते मी काय सांगू," ती म्हणाली आणि घागर उचलून निघून गेली. घागर अर्धीच भरली होती.

गोजरबाई साठीच्या पुढची, हडकुळी. मला बघून तिला इतका आनंद झाला की माझा राग कुठे ठेवावा ते कळेना. मी कागदपत्रं मागितली. तिनं डब्यातून रेशनकार्ड काढलं. २०१४ चं, घड्या पडून फाटलेलं, शाई उडालेली. दोन नावं: गोजरबाई, आणि मुंजाजी तातेराव सवंडकर, वय अठरा. मी मनात वर्षं मोजली. अकरा. बरोबर येत होती.

फोटो मागितला. नव्हता. शाळा कोणती? लहानपणी कसा होता? कशाला हट्ट करायचा? ती डब्यातले कागद पुन्हा उपसू लागली.

"आठवत न्हाई, सायेब. लई विचार करते पन आठवत न्हाई." मग घाईघाईनं, "पन तो हाय न्हवं? तुमी तरी हाय म्हना."

मी कार्ड परत दिलं.

तिनं मग जे सांगितलं ते थोडक्यात असं. तीन आठवड्यांपासून तो येतो. आधी आठ दिवसांतून एकदा यायचा, आता दिवसातून दोनदा. पंपापाशी येऊन थबकतो. हात पुढे करतो. मध्ये काच लावल्यासारखे तळहात टेकवतो, जोर लावतो. ती धावत जाते तोवर नसतो.

"मला काय बी नको," ती म्हणाली. "नाव बी नका छापू. एक डाव ह्या दारात बसवून जेवू घालायचंय त्याला. कुनी त्याला नको म्हनलंय ते तुमी हुडका. तुमी पेपरवाले, तुमाला गावतं."

कोणी नको म्हटलं होतं ते मला हुडकायची गरज नव्हती.

बाहेर येऊन मी कोमलला फोन लावला. मोकळ्या रस्त्यावर उभं राहून, जाणत्या वयाच्या माणसानं, खेळाच्या कागदावरची एक ओळ खोडायला सांगायची, याची मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच ओरडलो. ती "पण मामा" म्हणाली. मी म्हणालो, कारण विचारू नकोस, ती मर्यादा खोड, आत्ता, पेननं. ती म्हणाली, बरं.

बुधवारी सकाळी अकराला गोजरबाईचा फोन आला. पाच वाजायच्या आधी तिनं कधी फोन केला नव्हता.

"आला," ती म्हणाली. "दारातून आत आला, सायेब. जेवून राहिला. बोलत न्हाई, पन जेवून राहिला."

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा माझं डोकं शांत झालं. हे कसं घडलं ते नंतर बघू. आधी माणूस बघू, त्याच्या तोंडून नाव घेऊ, मग दोन्ही कापलेल्या ओळी एकत्र करून बातमी करू. मी वही घेऊन निघालो. दीड वाजता हट्ट्यात पोचलो.

ऊन टळटळीत होतं. बोळात कोणी नव्हतं. पंपावरही नव्हतं. निळं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"आनिक घे," गोजरबाई म्हणत होती. आवाज दमलेला होता. "पीठ सरत आलंय रे, लेकरा. पन घे."

अकरापासून दीडपर्यंत.

दारातून मला एक पाठ दिसली. रुंद, ताटावर वाकलेली. खोलीत अंधार होता, शर्टाचा रंग समजत नव्हता. मी हाक मारणार, इतक्यात खिशात फोन वाजला. कोमल होती. मी दारापासून दोन पावलं मागे झालो आणि हळू आवाजात सांगितलं: तो घरी पोचला. तू ओळ खोडलीस, तो पोचला.

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"कोमल?"

"मामा, मी खोडली नाहीये." तिचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही चिडला होता म्हणून बरं म्हणाले. मर्यादा एकट्यानं खोडता येत नाही. रविवारी सगळ्यांना विचारणार होते. कागद माझ्यासमोर आहे. ओळ तशीच आहे."

"नीट बघ."

"बघतेय. स्वतःच्या घरी पोचू शकत नाही. तुमचंच अक्षर आहे."

भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

मी वळून बोळाच्या तोंडाकडे बघितलं. पंपापाशी एक तरुण उभा होता. पोपटी शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. दोन्ही तळहात हवेत टेकवून, सगळं वजन पुढे टाकून तो रेटत होता. पाय धुळीत मागे घसरत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता.

जिथे माणसाचा जीव जाणार असेल तिथे तो आधीच येऊन उभा राहतो, ते मीच लिहिलं होतं.

"सायेब आले का?" आतून गोजरबाईनं विचारलं. "या की आत. आता बोलून बी राहिला. म्हनतो, त्यांना आत घे आन् दार लावून घे."