हात न लावता

ब्लेझर सापडला खेळाच्या तासानंतर, कपडे बदलायच्या खोलीत. दोन्ही बाह्या एका बाकावर, कॉलर खाली पडलेली, अस्तर खुंटीवरून लोंबतंय आणि फरशीवर दोऱ्याचे बारीक बारीक तुकडे. शाळेत पोलीस बोलवायची हौस कुठल्याच मुख्याध्यापकाला नसते, पण ज्या मुलीचा तो ब्लेझर, तिचा बाप हटूनच बसला होता.

फौजदारबाई आल्या. बाह्या उलटसुलट करून पाहिल्या आणि होत्या तशा ठेवून दिल्या.

"तीन मुली आहेत," मुख्याध्यापक म्हणाले. "तास चालू असताना पाण्याच्या नावाखाली मैदानावरून सटकल्या. आजच शाळेतून काढून टाकतो, म्हणजे विषय मिटला."

ही घाई बाईंना रुचली नाही. त्यांनी तिघींना समोर बसवलं. पंधरा वर्षांच्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या.

"ब्लेझर कुणी फाडला?"

"आम्ही नाही," त्यांतली उंच मुलगी म्हणाली. "तिच्या वस्तूंना आम्ही हातच लावत नाही."

"का?"

उंच मुलीने शेजारच्या चष्मेवालीकडे पाहिलं.

"खेळ आहे आमचा," चष्मेवाली पुटपुटली. "ती वर्गात नाहीच असं समजायचं. बोलायचं नाही, बघायचं नाही. जो बोलेल तो बाद."

"कोण कोण खेळतं?"

"सगळा वर्ग."

"कधीपासून?"

"वर्ष सुरू झालं तेव्हापासून."

तिसरी रडकुंडीला आली होती. "पण मारलं नाही हो कधी. साधी शिवीपण दिली नाही, शप्पथ."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठून व्हरांड्यात आल्या. तिथे मुलीचा बाप उभा होता. पेशाने शिंपी.

"मीच शिवलाय तो," तो म्हणाला. "पोरगी दुकानातच वाढली माझ्या. काजं, हेम सगळं तीच करते. हल्ली धड जेवत नाही, झोपत नाही. परवा म्हणाली, बाबा, मी दिसते ना तुला? मी हसण्यावारी नेलं."

"शाळेत सांगितलं नाहीत?"

"ती स्वतःच दोनदा गेली मुख्याध्यापक सरांकडे. सर म्हणाले, कुणी मारलं का, काही फाडलं का? नाही ना? मग तक्रार कसली?"

बाईंनी बापलेकीला मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

"हे त्या तिघींचं काम नाही," त्या म्हणाल्या. "राग काढणारा कापडावर ब्लेड ओढतो. इथे कापडावर ओरखडासुद्धा नाही. फक्त शिवणी उसवल्यात, एकेक टाका सोडवून. पाणी प्यायला आलेल्या पोरींना इतकी सवड नसते. त्याला सवयीचा हात लागतो. आणि बापाने शिवलेल्या कापडावर कात्री चालवायला जो धजत नाही, असा हात लागतो."

शिंप्याने डोळे मिटून घेतले. त्याला कळून चुकलं होतं.

"तासाला तू मैदानावर नव्हतीस ना, बाळ?" बाईंनी मुलीला विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली. "मी नसले तरी कुणी शोधत नाही."

मुख्याध्यापकांनी खुर्चीत अंग सैल सोडलं. "म्हणजे छळबिळ काही नव्हताच. सगळा बनाव."

"बनाव तिने केला, पण तिला भाग तुम्ही पाडलंत. ती छळ सांगायला आली, तुम्ही फाटलेलं काहीतरी मागितलंत. तिने आणून दिलं. गुन्हेगार कोण असं मला विचाराल, तर मी आधी तुमच्याकडे बोट दाखवीन, मग त्या वर्गाकडे."

"न बोलणं कुठल्या कलमात बसतं, मॅडम?"

बाई मुलीशेजारी जाऊन बसल्या.

"माझ्यामुळे त्यांच्यावर आळ आला, हे आता त्यांना कळेल?" मुलीने विचारलं.

"कळेल."

"मग त्या मला शिव्या देतील ना?"

तिच्या आवाजात आशा होती.

तिघींना आत बोलावून मुख्याध्यापकांनी सगळं सांगितलं. मुलगी उठून तिघींसमोर उभी राहिली. हात घट्ट आवळलेले, जे येईल ते ऐकायची तयारी.

उंच मुलगी सरांना थँक्यू म्हणाली, बाईंना थँक्यू म्हणाली आणि त्या मुलीला वळसा घालून दाराबाहेर पडली. पाठोपाठ चष्मेवाली. तिसरी जरा घुटमळली. उंच मुलीने बाहेरून हाक मारली, तशी तीही गेली.

मुलगी उभीच राहिली.