शिसवाचा अडसर

ऐकायचीच असेल तर मोबाइल खाली ठेवा. आणि आश्लेषा, तो ओटीवरचा दिवा घालव, उगाच पाखरं जमतात. गोष्ट काही जुनीपुराणी नाही. मुरुडचा विहंग, गिटारी घडवतो तो, त्याच्यावर आलेला प्रसंग आहे. त्याने स्वतः मला सांगितला, इथेच बसून. मी पदरचं काही घालत नाही. रात्रसुद्धा सांगतो. दोन हजार चोवीस सालचा तीस डिसेंबर, सोमवार. मार्गशीर्षातली सोमवती अमावास्या. गावाचं नाव तेवढं विचारू नका. माणसं अजून नांदतायत तिथे.

तर दिवाळी झाल्यावर विहंग स्कूटर काढून त्या गावी गेला, लाकूड बघायला. तिथे सुजित म्हणून एक बागायतदार. समुद्राच्या अंगाला नारळ-पोफळीची मोठी बाग. मोठ्या वादळात त्याचं जुनं घर बसलं, तिथे त्याने नवं घर आणि पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. मुंबईची माणसं येतात, रात्री शेकोटी, गाणी. सुजितला कॉलेजपासून गिटारचा नाद. विहंगला म्हणाला होता, "मला एक इलेक्ट्रिक गिटार करून दे, हाताने घडवलेली. थर्टी फर्स्टला पाहुण्यांसमोर वाजवायचीय."

गिटारचं अंग फणसाचं झालं होतं, मान सागाची. राहिला होता फ्रेटबोर्ड. म्हणजे मानेवर बसवतात ती पट्टी, जिच्यावर तारा दाबायच्या. तिला लाकूड लागतं दगडासारखं, नाहीतर तारांनी चरे पडतात. बाजारात विहंगला मनासारखं मिळेना. सुजित म्हणाला, "अरे, मागे जुन्या घराचं लाकूड पडलंय. हवं ते उचल."

ढिगाशेजारी नीराबाई सुपाऱ्या सोलत बसली होती. त्या घरी राबण्यात तिची हयात गेली. विहंगने वासे, फळ्या उलटसुलट केल्या आणि तळातून एक दांडा ओढून काढला. काळाभोर, चांगलाच जड. धुळीवरून अंगठा फिरवला तर आत जांभळट चमक. शिसव! जुन्या दारांना आतून आडवा घालतात ना, तो अडसर.

नीराबाईचे हात थांबले.

"त्योच घेतलास?"

"का गं मावशी? नको का?"

तिने घराकडे एकदा पाहिलं. "ने. त्यालाच वाजवू दे."

विहंगला त्यातलं काही कळलं नाही. त्याचं लक्ष लाकडात. घरी येऊन कामाला बसला. शिसवापुढे रंध्याचं पातं बोथट व्हायचं, धार लावायची, पुन्हा मारायचा. पट्टीला मधोमध किंचित उंचवटा दिला, बोटं सहज फिरावीत म्हणून. मग बारीक करवतीने आडव्या खाचा. खाच केसभर सरकली तरी सूर बिघडतो, त्यामुळे श्वास धरून. मग त्या खाचांत धातूचे फ्रेट ठोकायचे, हलक्या हातोडीने.

पहिला ठोकला. टक्.

आणि लाकडातून परत आलं... धप्.

हातोडीचा आवाज टणक असतो. हा मऊ होता. तळहाताचा.

बाक हलत असेल म्हणून त्याने खाली पाचर मारली. पुढचा फ्रेट ठोकला. टक्... धप्. मनुष्य कामात असला की असल्या गोष्टींना कारणं शोधून देतो. यानेही दिली. पट्टी मानेला चिकटवली, शिंपल्याचे ठिपके बसवले, तारा चढवल्या. तीस तारखेच्या सकाळी गिटार ॲम्प्लिफायरला जोडली. अजून तारेला हात लावला नव्हता, तोच त्या डब्यातून, धप्. धप्. धप्. त्याने सगळं उकललं, वायरींना नव्याने डाख दिला. पुन्हा तेच. आणि त्या बडवण्यामागे वारा. घोंघावणारा. खिडकीबाहेर माडाची झावळी हलत नव्हती.

मग मात्र त्याने गिटार भिंतीला टेकवली आणि थेट नीराबाईचं घर गाठलं.

"मावशी, तो अडसर कुठल्या दाराचा?"

"म्होरल्या," ती म्हणाली. "अनुसूयावयनींचा जीव ज्या दारात गेला, त्या."

अनुसूया म्हणजे सुजितच्या मोठ्या भावाची बायको. नवरा आधीच गेलेला, अर्धी बाग त्यांच्या नावावर. शाळेत शिक्षिका होत्या. विहंग त्यांच्याच हाताखाली शिकला, गाण्याचं वेडही त्यांनीच लावलं त्याला. वादळात अंगावर माड पडून बाई गेल्या, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

"माड पडला त्यो नंतर," नीराबाई म्हणाली. "वयनी वासरू सोडाया भायेर आल्या नि परत फिरल्या, तर दार बंद. मी गोठ्यात अडकलेली, फटीतनं बघत व्हते. दार बडवत व्हत्या रे. भावोजी, दार उघडा, भावोजी, दार उघडा... ह्यो आत व्हता. मंग लोकांना म्हनला, दार वाऱ्यानं लागलं, मला आयकू आलं न्हाय. व्हय, दार लागंल वाऱ्यानं. वाऱ्यानं कधी अडसर लागतो का?"

"आणि तू गप्प बसलीस?"

"भाकर त्याच्याच घरची व्हती." ती डोळे पुसत म्हणाली. "आता तू आलास इचारायला. आदी कुनी इचारलं?"

विहंग घरी आला. पटाशी घेतली. पट्टी उखडायची, चुलीत घालायची, सुजितला सांगायचं, गिटार झाली नाही. पटाशीची धार मानेला लावली, तोच फोन वाजला.

"काय रे, आज रात्री आणतोयस ना? उद्या पाहुणे येतायत."

सुजितच. मजेत होता.

विहंगने पटाशी खाली ठेवली. "आणतो," म्हणाला. भ्यायला होता, पोरांनो. पण भीतीपेक्षा राग मोठा होता.

जेवणवेळ टळल्यावर पोचला. वारा साफ पडलेला. पोफळी काठ्या रोवल्यासारख्या उभ्या. घरात सुजित एकटा. गिटार पाहून खूश झाला, ॲम्प्लिफायरच्या डब्याला जोडली, मांडीवर घेतली, पट्टीवरून बोट फिरवलं.

"काय सुरेख काळी आहे! कुठलं लाकूड?"

"तुमच्याच दाराचा अडसर."

बोट थांबलं. मग तो हसला. "असेना. लाकूड ते लाकूड."

त्याने तार छेडली.

धप्.

"वायर लूज आहे का रे?"



धप्. धप्. धप्.

मग वारा. पाऊस. कौलं फुटल्याचा आवाज. सगळं त्या डब्यातून. सुजितने बटण बंद केलं. आवाज थांबला नाही. त्याने प्लग उपटला. वायर हातात. आवाज चालूच.

आणि मग...

"भावोजी..."

सुजितचा चेहरा पांढराफटक.

"भावोजी... दार उघडा..."

"उघडतो," तो म्हणाला. "वहिनी, आता उघडतो. आता उघडतो..."

गिटार खाली आपटली. तो दाराकडे धावला. दार उघडलं. बाहेर कुणी नाही. नुसता काळोख. त्याने पाऊल बाहेर टाकलं...

मागून दार लागलं.

वारा नव्हता.

डबा गप्प झाला. आता खरं दार वाजायला लागलं.

"विहंग! दार उघड!"

खोटं कशाला सांगू. पहिल्या हाका विहंगने नुसत्या ऐकल्या. जागचा हलला नाही. बाईंनी अशाच मारल्या असतील, एवढंच मनात.

"विहंग! अरे, ती... ती इथे..."

मग तो उठला. कडी काढली. दार हललं नाही. खांदा लावला. नाही. पाय रोवून ओढलं. नाही. कडी काढली होती, असं तो शपथेवर सांगतो.

बाहेर धप्. धप्. हाका संपल्या. नुसते हात.

मग एकच हात.

मग...

"भाऊ, मग?"

मग काही नाही, आश्लेषा. दार आपसूक उघडलं. बोटभर.

सुजित पायरीवर पडला होता. दोन्ही पंजे फुटलेले. अंगण कोरडं ठक्क, आणि कपडे निथळत होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पोलिसांनी विहंगला पुन्हा पुन्हा बोलावलं. पण या खेपेला नीराबाई गप्प बसली नाही. चौकीत उभी राहून वादळाच्या दिवसाचं सगळं बोलली. गिटार विहंगने परत आणली. आता तिच्यातून फक्त सूर येतात, चांगले येतात.

त्या रात्री तो घरी आला तेव्हा त्याची बायको म्हणाली, "पाठीला काय लागलंय तुमच्या?" त्याने शर्ट काढला. शर्टाच्या पाठीवर, मधोमध, पाच बोटं. ओली. बारीकसा पंजा, शाबासकी देताना पडतो तसा.

तो शर्ट मी पाहिलाय. यंदा मे महिन्यात त्यानेच आणून दाखवला. भर दुपारी, समोरच्या त्या दोरीवर मी स्वतः वाळत घातला. संध्याकाळी काढला तर बाकीचा शर्ट उन्हाने कडकडीत.

पंजा ओला.