घरून फोन आलाय

लिंबं संपली होती म्हणून फुसाए उन्हं कलायच्या आतच भाजीवाल्याकडे गेली. संध्याकाळी नवा पियानोवाला येणार होता. पहिल्याच दिवशी क्लबात लिंबू नाही म्हणजे शोभा झाली असती.

भाजीवाल्याने लिंबं तिच्या पिशवीत टाकली आणि एक वांगं उचलून तिच्या नाकासमोर धरलं.

"हे पण न्या मालकीणबाई. बोनचं आहे."

"आमचा बोन जुलैतच झाला, पितर येऊन गेले की हो."

"योकोहामाचा झाला. पण उत्तरेकडची मंडळी आहेत ना इथे, त्यांचा आज निरोपाचा दिवस. सकाळपासून वांगी नेतायत." तो हसला. "आपल्याला काय, पितर दोनदा आले तर धंदाही दोनदा!"

फुसाए हसली, पण वांगं तिने घेतलं नाही. स्वयंपाकघरात होती ढीगभर.

तिचा क्लब, 'शिओकाझे', जमिनीखाली होता. नोगेच्या गल्लीतून अरुंद जिना उतरून खाली जायचं. खिडकी एकही नाही. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी खाली दिवा लावेपर्यंत मिट्ट काळोख. मुरलेल्या सिगारेटचा, ओलसर गालिच्याचा वास. काळोखात डोळे सरावले की सगळ्यात आधी दिसायचा तो पियानो. फुसाए रोज त्याला तेल लावून पुसायची, आणि पुसताना त्याच्याकडे बघायचं टाळायची.

तो मित्सुएताईचा पियानो होता. तीस वर्षं ती त्याच्यावर वाजवत होती आणि गात होती. आवाज काही फार मोठा नव्हता तिचा. वरच्या सुरांना थोडा चिरकायचाही. पण ती गायला लागली की बंदरावरचे हमाल बर्फ चघळायचेसुद्धा थांबत. उजव्या पायातली चप्पल काढून अनवाणी पायाने ती पेडल दाबायची. लोक पियानोवर फुलं ठेवतात, हिने खारवलेल्या आलुबुखारांची बरणी ठेवली होती. कुणी एकटाच, पडेल चेहऱ्याने येऊन बसला की गाणं राहायचं बाजूला, ती तिथूनच विचारायची, "जेवलात का आज?" नाही म्हणाला तर त्याच्यापुढे भाताचा गोळा आल्याशिवाय गाणं सुरूच व्हायचं नाही. बायको सोडून गेलेल्या एका क्रेनवाल्याला तिने शेजारी बसवून दोन सूर वाजवायला शिकवले होते. तो दर शनिवारी येऊन तेवढे दोनच सूर वाजवायचा आणि मान ताठ करून घरी जायचा. असं प्रेम लावलं होतं बाईने सगळ्या गल्लीला.

आणि त्या दोघींच्या खुणा होत्या. गिऱ्हाइकांना कधी कळल्या नाहीत. गाता गाता ताईने सगळ्यात खालचा सूर एकदा दाबला की समजायचं, दुकान बंद करायची वेळ झाली. दोनदा दाबला की त्या अमक्या साहेबांना फार चढली आहे, पुढच्या पेल्यात पाणी जास्त घाल. आणि एखादा प्यायलेला तिचं मनगट धरून बसला, उठूच देईना, की ती मोकळ्या हाताने पियानोची उजवीकडची अगदी शेवटची पट्टी दाबायची. त्या पट्टीला सूर असा नाहीच, नुसतं लाकडावर नख आपटल्यासारखं वाजतं. टिक टिक... टिक. मग फुसाएने बर्फ फोडायचा टोचा बारच्या कट्ट्यावर ठोकायचा आणि ओरडायचं, "ताई, घरून फोन आलाय!" घरच्या फोनला कोण नाही म्हणणार? मनगट सुटायचं. ताई कट्ट्यावरच्या गुलाबी फोनपाशी येऊन रिसीव्हर कानाला लावायची आणि फुसाएला डोळा मारायची.

गेल्या हिवाळ्यात साध्या सर्दीचं निमित्त झालं आणि ताई गेली. अस्थी भाच्याने उत्तरेला, तिच्या गावी नेल्या. तिच्या मागे शहरात रडणारं असं हे दुकानच होतं. जुलैत तिचा पहिला बोन आला तेव्हा फुसाएने बरणीशेजारी स्वतःच्या हाताने काकडीचा घोडा केला, वांग्याची गाय केली, काड्यांचे पाय टोचले. पितरांनी येताना घोड्यावरून दौडत यावं आणि जाताना गाईवर बसून सावकाश जावं, एवढ्यासाठी. नेमक्या निरोपाच्या दिवशी फुसाए तापाने फणफणली. दुकानातला आचारी गोरोकु वसंतात हिरोशिमाहून आला होता. त्याला तिने मोबाइलवरून सांगितलं, "ताईला नीट निरोप द्या हं." तो "दिला" म्हणाला.

त्यानंतर तिने पियानोसाठी माणूस शोधायला घेतला, आणि तिथून पुढे विचित्रच झालं.

पहिला आला, दोन दिवसांत गेला. दुसरी बाई एका दिवसात. तिसरा तर आपली छत्रीही विसरून पळाला. तिघांचं म्हणणं एकच. दुकान उघडायच्या आधी, दिवेलागणीला, पियानोपाशी एकटं बसलं की एक पट्टी आपोआप वाजते. त्या वेळी फुसाए वर गल्लीत पायऱ्यांवर पाणी मारत असायची, पाटीचा दिवा लावत असायची. तिने स्वतः कधी काही ऐकलं नव्हतं. पण तिला ऐकायची गरज वाटली नाही. ताईला आपल्या स्टुलावर दुसरं कुणी बसलेलं खपत नाही, हे उघडच होतं. आणि याचंच फुसाएला मनस्वी दुःख होतं. जन्मभर बहिणीसारखी राहिलीस आणि आता माझंच दुकान बुडवायला निघालीस? गिऱ्हाईक पियानोसाठी यायचं. पियानो मुका झाल्यापासून खुर्च्या रिकाम्याच होत्या. हा चौथाही पळाला तर घरमालकाला किल्ली परत देण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

चौथा आला. कुरामोची नावाचा, अंगाने भलामोठा, डोक्यावर केस नसलेला माणूस.

"मी जहाजावर वाजवायचो बाई," तो म्हणाला. "वादळात पियानो या भिंतीवरून त्या भिंतीवर जायचा, मी त्याच्या मागून. भुताबितांचं मला सांगू नका."

"कोण बोललं तुम्हाला भुताचं?"

"सगळी गल्लीच बोलते की."

फुसाएने ओठ आवळले. पाण्याची बादली गोरोकुच्या हातात देऊन तिने त्याला वर पाठवलं. आज काय ते समोरासमोर होऊन जाऊ दे, असं तिने ठरवलं होतं. ती कट्ट्यामागे उभी राहिली. पियानोवरचा एकच दिवा लावला होता. कुरामोची स्टुलावर बसला आणि बोटं मोडू लागला.

वर गल्लीत पाणी पडल्याचा आवाज आला. मग तोही थांबला. शीतपेटीची घरघर कधी बंद पडली ते तिला कळलंच नाही. एवढी शांतता त्या तळघरात तिने कधी ऐकली नव्हती. आणि मग तो वास... आधी कॅमेलियाच्या तेलाचा, ताई केसांना लावायची त्या. त्यामागून आलुबुखारांचा आंबट खारट वास. बरणीचं झाकण तर बंद होतं.

कुरामोचीचे दोन्ही हात मांडीवर होते. फुसाए ते नीट बघत होती.

उजवीकडची शेवटची पट्टी हळूच खाली गेली.

टिक टिक... टिक.

"मी नाही..." कुरामोची कुजबुजला. "बाई, मी हात लावला नाही..."

"कळलं मला. गप्प बसा."

टिक टिक... टिक. या वेळी जोरात. पाठोपाठ पुन्हा. घाईघाईने. कुणीतरी मनगट पिरगाळत असावं तशी.

फुसाएने कट्टा घट्ट धरला. भीतीने नव्हे, किंवा नुसत्या भीतीने नव्हे. एवढे दिवस तिला वाटत होतं, ताई सांगते आहे, निघा माझ्या जागेवरून. आणि ताई तर महिनाभर रोज संध्याकाळी हाका मारत होती... फुसा, मी अडकलेय. मला सोडव. आणि ही फुसा वर पायऱ्या धूत बसली होती.

"ताई..." ती कट्ट्यावरून पुढे वाकली. "कोण अडवतंय तुला?"

कुरामोचीचं स्टूल त्याच्यासकट वीतभर सरकलं. तो एवढा आडदांड माणूस उडी मारून कट्ट्याच्या आत आला आणि फुसाएच्या मागे लपला. तेवढ्यात रिकामी बादली घेऊन गोरोकु जिना उतरला.

"गोरोकु, जुलैत ताईला निरोप दिलात, तो कसा दिलात?"

"कसा म्हणजे? जिन्याच्या तोंडाशी जाळ केला, हात जोडले."

"आणि गाय?"

"कुठली गाय?"

"वांग्याची! बरणीशेजारी ठेवली होती ती!"

गोरोकुने बादली सावकाश खाली ठेवली. "ती... गाय होती?"

"मग काय होतं?"

"आमच्याकडे हिरोशिमाला असलं काही नसतं हो बाई. आम्ही रंगीत कंदील लावतो. मला वाटलं, काड्या टोचून ठेवलंय म्हणजे गिऱ्हाइकासाठी काढलंय. नाकागोमेसाहेब काहीतरी चमचमीत द्या म्हणून मागे लागले होते. मी काड्या काढल्या आणि..."

"आणि काय?"

"तळलं. मिसो लावून. साहेबांना फार आवडलं."

"आणि घोडा?"

"काकडी होय? ती मीच खाल्ली. कच्चीच."

एरवी फुसाए पोट धरून हसली असती. आता तिने नुसतं पियानोकडे पाहिलं. घोडा आपलं काम करून मोकळा झाला होता. ताई आली होती. पण परत जायचं वाहन नाकागोमेसाहेबांच्या पोटात गेलं होतं. म्हणजे ताईला कुणीच अडवलं नव्हतं, तिला नेणारंच कुणी नव्हतं. आणि भाजीवाला काय म्हणाला होता? उत्तरेकडच्यांचा आज निरोपाचा दिवस. ताई दर वर्षी ऑगस्टच्या मध्यावर सुट्टी काढून गावी जायची, उन्हाने काळी होऊन, पिशवीभर मक्याची कणसं घेऊन यायची. तिच्या घरचा बोन आज संपत होता. आज दार उघडं होतं. आजची संध्याकाळ टळली तर पुन्हा वर्षभर ती पट्टी...

"गोरोकु, वांगं आणा. सगळ्यात चांगलं."

काड्या टोचायला गोरोकुच बसला. चौथा पाय दोनदा मोडला. पाठीवर लगाम म्हणून त्याने शेवयांची एक लड घातली, आणि मग आपण होऊन एक खारवलेलं आलुबुखार ठेवलं. "वाटेत भूक लागेल," तो म्हणाला. फुसाएने गाय पियानोवर ठेवली, जिन्याकडे तोंड करून. कुरामोचीने वर मातीच्या थाळीत जेवणाच्या काड्या मोडून पेटवल्या. त्याला जहाजावर काहीही पेटवायची सवय होती.

टिक टिक... टिक.

फुसाएने बर्फाचा टोचा उचलला. कट्ट्यावर ठोकला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज तिने पूर्वीसारखाच चढा लावला.

"ताई! घरून फोन आलाय!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग दाबून धरलेलं पेडल सुटल्यासारखा एक आवाज पियानोच्या पोटातून आला, सगळ्या तारा एकदम सैलावल्या. गालिच्यावर चपलेची फटफट ऐकू आली, एकाच पायातल्या. तेलाचा वास फुसाएच्या गालाजवळून गेला, कट्ट्यापाशी जरासा थांबला, आणि जिना चढून वर गेला. वारा गल्लीतून आत येत होता, तरी थाळीतला जाळ बाहेरच्या बाजूला वाकला आणि विझला.

शीतपेटी पुन्हा घरघरू लागली. तो आवाज फुसाएला कधी नव्हे इतका गोड वाटला. ती गाय रुमालात गुंडाळून धावत ओओका नदीवर गेली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने ती पाण्यात सोडली. आलुबुखारासकट गाय हलत डुलत पुलाखाली दिसेनाशी झाली.

परत आली तर खाली पियानो वाजत होता. कुरामोची वाजवत होता, जाडजूड बोटांनी, थोडं अडखळत. शेवटची पट्टी गप्प होती. क्रेनवाला येऊन बसला होता आणि गोरोकु त्याला विचारत होता, "जेवलात का साहेब आज?" हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. फुसाए कट्ट्यामागे गेली, पदर नव्हता म्हणून टॉवेलात तोंड खुपसून पोटभर रडली आणि मग मनापासून हसली. छातीवरचा धोंडा उतरला होता. ताई आपल्यावर रागावली नव्हती. कधीच नव्हती.

तेवढ्यात कट्ट्यावरचा गुलाबी फोन वाजला.

फुसाएने सवयीने रिसीव्हर उचलला. पलीकडे आधी बेडकांचा आवाज आला, भरल्या भातखाचरांत असतो तसला. मग एका म्हाताऱ्या बाईचा, खास उत्तरेकडच्या बोलीतला.

"पोचली बरं का आमची पोर. सुखरूप पोचली. लई उपकार झाले तुमचे."

"हो का? बरं झालं बाई..." फुसाएच्या तोंडून निघून गेलं.

"गाय माघारी धाडतेय. असू द्या तुमच्यापाशी. तुमच्याकडं लागंलच की ती कुणाला तरी."

फोन ठेवल्यावर मग फुसाएला आठवलं. त्या फोनची जोडणी गेल्या वर्षीच काढून टाकली होती. वायरीचं टोक भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळलेलं होतं, तिनेच गुंडाळलेलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा गाय पियानोवर बरणीशेजारी उभी होती. पाठीवर आलुबुखार नव्हतं. काड्यांचे चारही पाय ओल्या काळ्या चिखलाने माखले होते.

आता थंडी पडली आहे. 'शिओकाझे'त पुन्हा खुर्च्या कमी पडतात. गोरोकु रोज गाईवरची धूळ झटकतो, आणि कुणी वांग्याचं काही मागितलं की आधी पियानोकडे बघून घेतो. वांगं अजून जराही सुकलेलं नाही. कालच तोडून आणल्यासारखं ते तुकतुकीत आहे. गाईचं तोंड जिन्याकडे करून ठेवायचं काम मात्र फुसाएला रोज करावं लागतं, कारण सकाळी येऊन पाहावं तर गाय कट्ट्याकडे वळलेली असते.