पेंढ्याचा मुखवटा

आयर्लंडमध्ये किलकेनीजवळच्या एका गावात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, पेंढ्याचा मुखवटा घातलेल्या एका माणसाने स्वानंदीचा हात धरून तिला नाचात ओढलं. पाऊस भुरभुरत होता. तिच्या दुसऱ्या हातात वही होती.

"मी फक्त बघायला आलेय," ती इंग्रजीत म्हणाली.

"मग माझ्या बुटावरून पाय काढ, पंडितीणबाई," मुखवटा मराठीत म्हणाला.

ती थबकली. "मी मराठी आहे हे... तुला कसं कळलं?"

"आईशी फोनवर बोलत होतीस. अख्ख्या गावाला कळलं."

"आणि तू कोण?"

"विचारायचं नाही. नियम आहे."

नियम तिला पाठ होता. डब्लिनमध्ये ती त्यावरच पीएचडी करत होती. सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या लेखकांनी जत्रेतलं हसू पुस्तकात कसं आणलं, हा तिचा विषय. एका दमात शिवी आणि स्तुती, भिकारी एका दिवसाचा राजा, आणि तोंडावर मुखवटा आहे तोवर कोणी कोणाला काहीही म्हणावं. मुखवटा उतरला की बोललेलं रद्द. आपल्या शिमग्यासारखंच. चारशे पानं वाचून समजलेली गोष्ट आता तिच्या पायावर पाय देत होती.

"नाचतेस म्हशीसारखी," तो म्हणाला, "पण हसतेस छान."

नाच संपल्यावर अंगणात मुखवटे उतरले. तो सुश्रुत निघाला, किलकेनीच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. कपाळाला पेंढा चिकटलेला.

"सॉरी हं..." त्याने मान खाली घातली. "तुम्हाला लागलं नाही ना?"

मुखवट्यात तू, उघड्या तोंडाने तुम्ही! स्वानंदीला तो तिथेच आवडला.

पुढचे चौदा महिने तो एक शनिवार आड डब्लिनला येत राहिला. कॉफी, नदीकाठ, परतीची ट्रेन. 'तुम्ही'चं 'तू' व्हायला तीन महिने लागले. त्यापुढे काही सरकलं नाही. प्रबंध मंजूर झाला. पुण्याच्या एका कॉलेजने तिला नोकरी देऊ केली, उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. तिने त्याला सांगितलं.

"छान," तो म्हणाला, आणि इथले लोक कशालाही म्हणतात तसं, "ग्रँड."

बस्स, एवढंच.

त्या शनिवारी सुश्रुतच्या हॉस्पिटलातल्या इफाचं लग्न होतं. स्वानंदीलाही आमंत्रण होतं. सुश्रुतने ड्यूटी आहे म्हणून कळवलं होतं. जेवणं आटोपली तेव्हा दार धाडकन उघडलं आणि पेंढ्याचे सात मुखवटे आत शिरले. इथली रीतच ती: लग्नात असं न बोलावता यायचं, नवरीला नाचवायचं आणि तोंड न दाखवता निघून जायचं. तोंड दिसलं तर शुभ नाही म्हणतात.

सगळ्यात उंच मुखवटा नवरीला सोडून स्वानंदीपुढे आला.

"ड्यूटी कशी चाललीये?" तिने विचारलं.

"जाऊ नकोस," मुखवटा म्हणाला.

फिडल वाजत होतं. तिने शांतपणे हात सोडवून घेतला.

"हे धरलं जाणार नाही, सुश्रुत. मुखवट्याचं बोलणं आहे. उद्या तू कॉफी पीत म्हणशील, ग्रँड."

"मला असंच जमतं गं..."

"मग मी सोमवारी हो कळवते."

त्याने दोन्ही हातांनी मुखवटा वर ओढला. फिडल थांबलं. टोळीचा म्होरक्या डोनल ओरडला, "अरे, दाराबाहेर तरी जा!" इफा नवरीच्या वेशात खुर्चीवर चढून बघू लागली.

सुश्रुतचा चेहरा लाल झाला होता. सगळे बघत होते आणि एकालाही मराठी कळत नव्हतं, तरी तो हळूच बोलला.

"मघाचं रद्द," तो म्हणाला. "जा तू. ती नोकरी तुलाच मिळायला हवी होती. मी... जूनपर्यंत इथलं आवरतो आणि येतो. पुण्यात गुडघे दुखणारे कमी नसतील. तू मला आवडतेस. खूप. चौदा महिने झाले."

"चौदा महिने दोन दिवस," स्वानंदी म्हणाली.

"व्हॉट डिड ही से?" इफाने खुर्चीवरून विचारलं.

स्वानंदीने त्याच्या भुवईवरची काडी काढली.

"जूनमध्ये येतोय म्हणतो," ती इंग्रजीत म्हणाली, आणि सगळ्यांसमोर त्याचा हात धरून नाचायला निघाली.