कोंडाण्याला चंद्र उशिरा येतो

‘माघ पौर्णिमेस सूर्यास्तासमयी कोंडाणे लेण्यांच्या प्रांगणातून चंद्रोदयाचे अविस्मरणीय दर्शन घडेल,’ असे छायाचित्र महोत्सव समितीच्या पत्रकात छापले होते. विधान भारदस्त होते. उणीव एवढीच, की लेण्यांच्या पाठीशी, बरोबर पूर्वेला, राजमाचीचा अख्खा डोंगर उभा आहे. पंचांगातला चंद्र वेळेवर उगवतो. कोंडाण्याच्या चंद्राला आधी कडा चढावा लागतो. जे दिसणारच नाही ते अविस्मरणीय कसे, हे समितीच जाणे.

मेहनाजला हे तिथे पोहोचल्यावर कळले. ट्रायपॉड रोवून ती पूर्वेकडे वळली, तर समोर काळा कातळ. बाकीचे हौशी छायाचित्रकार समितीचा उद्धार करत कर्जतकडे परतले. ती थांबली, कारण उतरायचेही त्राण नव्हते. चार वर्षे लग्नांचे फोटो काढून ती थकली होती—लग्नांनी नव्हे, प्रत्येक नवरीचा रंग उजळून देण्याने. माणसांना आपल्याच घरातला चेहरा खपत नाही आणि तो दुरुस्त करायला कारागीर बोलवावा लागतो. त्या सभ्य रानटीपणाची ती कारागीर होती. आता साजगावच्या कारखान्यात नोकरी ठरली होती. उद्या चुलतभाऊ झुहेब तिचा कॅमेरा विकत घेऊन जाणार होता. त्याआधी तिला फक्त एक चंद्र हवा होता... ज्याला उजळावे लागत नाही.

पत्रकाखाली सचिव म्हणून ज्याचे नाव होते, तो शाळामास्तर शारिक चहाचा थर्मास घेऊन आला. सोबत त्याची बहीण कशिश. तिला पाहून मेहनाजने नजर चुकवली. कशिशच्या लग्नाचा अल्बम तिनेच केला होता आणि ‘नवरी सावळी दिसते’ म्हणून सासरच्यांनी तो परत पाठवला होता. कशिशने मात्र शेजारीच बैठक मारली आणि सांगून टाकले की दुरुस्त केलेला अल्बम सासूच्या कपाटात आहे, पहिला तिच्या स्वतःच्या. मन उदास झाले की ती तोच उघडते, त्यात ती ओळखू येते.

मेहनाजने मोर्चा शारिककडे वळवला.

“तुम्ही शाळेत काय शिकवता?”

“भूगोल.”

“वाटलंच.”

“कशिशच्या लग्नात तुमचा दिवा धरून मीच उभा होतो,” तो म्हणाला. “सारखं म्हणत होतात—जरा डावीकडे, अजून डावीकडे.”

“मग?”

“मग काय... अजून डावीकडेच आहे.”

तो खरोखरच तिच्या डाव्या हाताला बसला होता. कशिश चहा ओतता ओतता खोकली. तो खोकला थंडीचा नव्हता.

अंधार दाटला. कड्यामागे चंद्र अजून अडलेलाच होता. पण समोर, दूर भिवपुरीकडच्या कापलेल्या शेतांवर, दुधी उजेड उतरला होता. डोंगराची सावली मागे सरत होती आणि त्या उजेडाची कड एकेक बांध ओलांडून लेण्यांकडे चालत येत होती. चंद्राकडे पाठ करून बसल्याशिवाय हे दिसलेच नसते. मेहनाजने कॅमेरा पश्चिमेकडे फिरवला. कित्येक महिन्यांत प्रथमच, कुणी सांगितले नसताना, तिचे बोट आपणहून बटणावर गेले. झुहेबला आता नाही म्हणावे लागणार, हे तिला तेव्हाच कळले.

उजेड पायांशी पोहोचला, तेव्हा ती शारिककडे वळली.

“सर, हा डोंगर काल-परवा आलाय का इथं?”

लहानपणापासून इथे येणाऱ्या भूगोलाच्या शिक्षकाला अज्ञानाचा बचाव उपलब्ध नव्हता. त्याने कपातल्या चहाकडे पाहिले.

“भाई, आता बोल तरी,” कशिश म्हणाली.

मग आरोपीने दिलेला कबुलीजबाब, शब्दशः असा:

“डोंगर मला माहीत होता. तुम्ही कॅमेरा विकताय, हेही झुहेबकडून कळलं होतं. खरी वेळ छापली असती, तर तुम्ही आला असता, चंद्र टिपून निघून गेला असता, आणि उद्या कॅमेराही गेला असता. कॅमेरा वाचावा म्हणून खोटं लिहिलं, असं सांगायचं ठरवून आलो होतो... पण तेही पूर्ण खरं नाही. मला तुमच्याजवळ थोडा वेळ बसायचं होतं.”