पुलाखालची ताटली

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५, कोजागिरीची रात्र. दहाच्या सुमारास राजस, कश्मिरा आणि स्वरूपा माझ्याकडे दूध प्यायला आले. तिघंही तोयोसुला एकाच ऑफिसात आहेत आणि इथे टोकियोत हिगाशी-कसाईला माझ्या शेजारच्या इमारतीत राहतात. लिफ्टपासूनच त्यांचा गोंधळ ऐकू येत होता. "राजस, हळू चाल ना!" "कश्मिरा, कप आणलेस का?" मी दूध हलवत होतो, त्यामुळे दार उघडंच आहे, या, असं आतूनच ओरडून सांगितलं.

"पॅसेजमध्ये एकमेकांना नावाने हाका मारू नका रे," ते बूट काढत असताना मी म्हटलं.

"शेजाऱ्यांनी तक्रार केली का, काका?" स्वरूपाने विचारलं.

"तसंच समजा."

दूध आटेपर्यंत गप्पा सुरू झाल्या. राजसने नवा गळ घेतला होता, रॉड, रील, सगळं. सुझुकी धरायचा म्हणे. सुझुकी म्हणजे इथला खाडीतला मोठा मासा, आपल्या जिताड्याच्या जातकुळीतला.

"अमावस्येला बेस्ट मिळतो, काका. व्हिडिओ पाहिलाय मी. एकवीस तारखेला जाणारच."

"म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री?" कश्मिरा हसली. "लक्ष्मी घरी येणार आणि हा नदीवर!"

"कुठल्या नदीवर?" मी विचारलं.

"जुन्या एदोगावावर. तो पूल आहे ना, त्याच्याखाली पायऱ्या आहेत तिथे."

मी गॅस बारीक केला. कोजागिरीला सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. पण त्याने तीच जागा सांगितली, म्हणून सांगितली.

गुणवंत म्हात्रे. मूळचा पेणचा. तुम्ही येण्याआधी याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायचा. बायको सुमेधा एका लॉजिस्टिक कंपनीत. शांत, टापटिपीचा माणूस. नाद एकच, मासे. दिवसा तोयोसुला कोड लिहायचा आणि रात्री नदीवर. चंद्राचा हिशोब मला त्यानेच समजावला होता.

तो म्हणायचा, काका, पौर्णिमेला नि अमावस्येला पाणी सारखंच जोरात चढतं-उतरतं. उधाणच असतं. पण पौर्णिमेला सगळीकडे चांदणं, मासा कुठेही हिंडतो. अमावस्येला तसं नाही. नदीवर फक्त पुलावरच्या दिव्यांचा उजेड पडतो आणि पुलाखाली काळोख. मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. छोटे मासे उजेडात जमतात. सुझुकी रेघेच्या आत, काळोखात उभा राहतो. हलत नाही. प्रवाह जे घेऊन येईल त्याची वाट बघतो. त्याला उजेडातलं सगळं दिसतं, उजेडातल्याला तो दिसत नाही.

त्याच्या वडिलांना, लक्ष्मणरावांना, या माशाचं भारी कौतुक. व्हिडिओ कॉलवर फोटो पाहून म्हणायचे, "गुण्या, हा तर जिताड्याचा भाऊ. मोठासा धरलास की दाखव मला." पण गुणवंतला मिळायची ती पिल्लंच. वडील २०२३च्या ऑगस्टमध्ये गेले. हा पोचेपर्यंत भावाने सगळं उरकलं होतं. ते त्याच्या मनात सलत राहिलं.

पुढच्या वर्षी सर्वपित्री अमावस्या बुधवारी आली, २ ऑक्टोबर २०२४. सुमेधाने पहाटे उठून खीर, वडे, भाजी, सगळा स्वयंपाक केला आणि वडिलांच्या ताटलीत वाढून ठेवला. स्टीलची ताटली, कडेला नाव कोरलेलं: ल. ध. म्हात्रे, पेण. गुणवंतने दुपारी ती नदीकाठी ठेवली. टोकियोत कावळ्यांना काय तोटा? कचऱ्याच्या जाळ्या फाडणारे कावळे. पण त्या दिवशी सगळे कठड्यावर ओळीने बसून राहिले. एकही खाली उतरला नाही. तासाभराने हा ताटली घेऊन घरी परत.

संध्याकाळी सुमेधा म्हणाली, "त्यांचं काहीतरी राहिलंय."

"काय राहिलंय ते मला माहितेय," गुणवंत म्हणाला. "आज मोठा मासा धरतो आणि ताटलीशेजारी ठेवतो."

"अमावस्येला पाण्यावर जायचं नाही."

"बरं, अमावस्या संपल्यावर जातो."

भिंतीवर आईने पेणहून पाठवलेलं कॅलेंडर होतं. त्यात लिहिलेलं, अमावस्या समाप्ती रात्री १२.१८. सुमेधाने स्वतः वाचलं आणि मग हो म्हणाली. साडेबाराला हा सायकलवरून निघाला. पाठीला रॉड, पुढच्या टोपलीत झाकलेली ताटली.

"काका," राजस म्हणाला, "हे सगळं त्यांनी तुम्हाला सांगितलं?"

"काही त्याने सांगितलं. काही मी स्वतः ऐकलं. ऐक."

पुलाखालच्या पायऱ्यांवर कोणी नव्हतं. हेच त्याला आधी खटकायला हवं होतं. उधाणाच्या रात्री तिथे चार-पाच जण तरी असतातच. सगळे त्याला ओळखायचे, लांबूनच इथल्या रीतीने 'गुणवंत-सान' म्हणून हाक मारायचे. त्या रात्री एकही नाही. जागा मोकळी मिळाली म्हणून हा उलट खूश झाला. ताटली वरच्या पायरीवर ठेवली, झाकण काढलं, हात जोडले आणि गळ टाकायला लागला.

पाणी अकराला तळाला गेलं होतं, आता चढत होतं. रेघ अगदी स्वच्छ. उजेडात छोटे मासे उड्या मारत होते. मग एकदम थांबले. सगळे एकाच वेळी.

तेव्हा त्याला दिसलं, रेघेच्या आत कोणीतरी उभं आहे. कंबरभर पाण्यात.

रबरी विजारी घालून पाण्यात उतरणारे गळवाले इथे पुष्कळ. त्याला वाटलं, आपली जागा बळकावायला आलाय. त्याने "कोनबानवा" म्हणून नमस्कार केला. उत्तर नाही. त्या माणसाच्या हातात रॉड नव्हता. तोंड उजेडाकडे होतं. याच्याकडे.

गुणवंत टापटिपीचा माणूस, सांगितलं ना. पाणी किती चढलं ते तो पुलाच्या खांबावर बघायचा. खांबावर शेवाळाचा पट्टा आहे. पाणी पट्ट्याच्या खाली होतं. थोड्या वेळाने पट्ट्यावर आलं. मग पट्टा बुडाला.

माणूस अजून कंबरभरच पाण्यात.

पाणी चढत होतं. तोही चढत होता.

एक वाजून चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला. मला तशीही झोप कमी.

"काका," अगदी हळू आवाज, "अमावस्या संपली ना?"

"एवढ्या रात्री काय रे? कुठे आहेस?"

"नदीवर. समोर कुणीतरी आहे. मघापासून आहे. संपली ना, काका? १२.१८ला?"

"कुठलं कॅलेंडर बघितलंस?"

"आईने पाठवलेलं."

"अरे, ती वेळ तिकडची. इथे साडेतीन तास मिळवायचे. पावणेचारपर्यंत अमावस्या आहे."

फोनमधून पाण्याचा आवाज येत होता. चुळूक… चुळूक… मग कोणीतरी खोकलं. म्हाताऱ्या माणसाचा खोकला, घशात अडकलेला.

"गुणवंत, कोण आहे तुझ्याजवळ?"

"बाबा असेच खोकायचे," तो म्हणाला. आवाजात रडू होतं. आणि आनंदही होता, हे मी विसरत नाही. "काका, बाबा आलेत. जेवायला आलेत. रेघेपर्यंत आलेत. मी ताटली खाली नेऊन देतो."

"थांब. चेहरा दिसतोय का?"

"नाही. काळोखात आहेत."

"मग थांब."

तेवढ्यात हाक आली. ती मी या कानाने ऐकली. लक्ष्मणरावांशी मी फोनवर दोनदा बोललो होतो. आवाज त्यांचाच. तसाच जाडसर, पेणकडचा.

"गुणवंत-सान…"

मी फोन कानाशी घट्ट दाबला.

"काका," तो कुजबुजला, "बाबा मला गुण्या म्हणायचे."

"मग असं कोण म्हणतं?"

"गुणवंत-सान तर इथले… या काठावरचे लोक…"

"निघ," मी म्हटलं. "सगळं टाक तिथेच. पाठ फिरव. दिव्यांखालून चाल."

पुन्हा हाक. या वेळी जवळून.

त्यानंतर तो ओरडला. मदतीसाठी माणूस ओरडतो तसा, मोठ्याने, माझं पूर्ण नाव घेऊन. "भानुदासकाका! भानुदासकाका!"

फोन बंद.

मी सायकल काढली. नदीपर्यंत जावं लागलं नाही. तो अलीकडच्या कोनबिनीत, रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानात, सापडला. मासिकांच्या फडताळापाशी, सगळ्यात लख्ख उजेडात, भिंतीला पाठ लावून उभा. दुकानातला मुलगा त्याला गरम चहाची बाटली देऊ करत होता. याला ती धरता येत नव्हती.

उजाडल्यावर आम्ही दोघं पायऱ्यांवर गेलो. रॉड वरच्या पायरीवर पडलेला. कोरडा ठणठणीत. त्याच्याशेजारी ठेवलेली ताटली नव्हती. भरतीने नेली असेल, मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि रॉडवरून हात फिरवून कोरडा तळवा दाखवला. कावळे कठड्यावर ओळीने बसले होते.

सुमेधाने एकच प्रश्न विचारला. "मग जेवलं कोण?"

मार्चमध्ये त्यांनी ओसाकाला बदली करून घेतली. मे महिन्यात गुणवंत पेणला जाऊन आला, वडिलांचं राहिलेलं सगळं भटजी बोलावून केलं. तिथे कावळा लगेच शिवला. पान खाली ठेवायच्या आधीच झेपावला, फोनवर सांगताना रडत होता. म्हणजे वडिलांचं सुटलं. त्याच्यापुरती गोष्ट संपली.

"मग ठीकच झालं की," राजस म्हणाला. पण गळाचा विषय त्याने काढला नाही.

"त्याचं ठीक झालं."

दूध वर आलं. मी गॅस बंद केला. कुणी कप पुढे केला नाही.

या वर्षीची सर्वपित्री २१ सप्टेंबरला झाली. अमावस्या इथल्या वेळेने दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत संपली, मी साडेतीन तास मिळवून पाहिलं होतं. सकाळी कचरा टाकायला दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर ताटली. घासून-पुसून स्वच्छ, कोरलेलं नाव माझ्याकडे. पंगतीत वाढप्यासमोर रिकामं ताट मांडतात ना, तशी.

"तुमच्या दारात का पण?" स्वरूपाचा आवाज बारीक झाला होता. "ते तर सहाव्या मजल्यावर राहायचे ना?"

"त्या काठावर ऐकू येईल असं नाव कोणाचं घेतलं होतं त्याने?"

कश्मिराने दाराकडे पाहिलं आणि मान वळवून घेतली. पॅसेजमध्ये कोण कोणाला काय हाका मारत आलं, ते बहुधा तिघांनाही आठवलं असावं.

"फेकून द्यायची ना, काका," शेवटी राजस म्हणाला. "न जळणाऱ्या कचऱ्यात, मोएनाई गोमीत. धातू चालतो."

"मेलेल्या माणसाचं नाव आहे तिच्यावर. कचऱ्यात टाकवेना. घरातही घेववेना. मी फक्त तिला उपडी घातली. उपडं ताट म्हणजे इथे वाढणार नाही, जेवण संपलं. पायपुसण्याच्या डावीकडे, भिंतीशी. रोज जाता-येता बघतो. आज संध्याकाळीही पाहिली, उपडीच आहे. येताना तुम्हालाही दिसली असेल."

"दिसली," कश्मिरा म्हणाली.

तिने पुन्हा दाराकडे पाहिलं.

"पण काका… उपडी नव्हती. सरळ होती. आत थोडं पाणी होतं. मला वाटलं, मांजरासाठी ठेवलंय तुम्ही."